आधी डबा, मग भाऊ

"इथंच द्यायचा. सगळ्यांसमोर. आणि हातावर पाणी सोडून," दत्तात्रेय म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं, भावजी," कालिंदी म्हणाली.

काशीच्या दशाश्वमेध घाटावर आपल्या छत्रीखाली दत्तात्रेय भटजी लाकडी चौकीवर मांडी ठोकून बसला होता. समोर कराडचे शिंत्रे, त्यांची बायको आणि नुकतंच लग्न झालेले मुलगी-जावई. जोडप्याला गंगापूजन करून आशीर्वाद घ्यायचा होता. दत्तात्रेयनं त्यांना जरा थांबवलं. दीड वर्ष वाट पाहिलेली गोष्ट चार यजमानांसमोर घडली, तर बिघडलं कुठं?

कालिंदी त्याच्या धाकट्या भावाची, कुशलची, विधवा. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता आणि डब्यात क्रिकेटवाल्यांची छोटी रंगीत चित्रं. फार पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून एकेक निघायची, ती.

शहाण्णव साली, वर्ल्ड कप चालू असताना, हा डबा मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या घरात माळ्यावर सापडला. सोवळ्याच्या पेटीमागे. वडील, वेदमूर्ती विश्वेश्वरशास्त्री, हयात असताना माळ्यावर एकटेच बसून कसलं पारायण करत, याचा त्या दिवशी उलगडा झाला. दत्तात्रेयनं नाक दाबलं. "ही घाण घराबाहेर काढ," असं कुशलला फर्मावलं. कुशलनं ती काढली आणि मुन्शी घाटावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत नेली.

मग कलकत्त्याहून एक व्यापारी भिंग घेऊन आला. त्यातल्या एका चित्राला म्हणे देशात जोड नव्हती. छापखान्याच्या चुकीनं उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा छापला गेला होता, आणि कंपनीनं ती सगळी चित्रं जाळून टाकली होती. हे एक वाचलं, शास्त्रीबुवांच्या व्यसनामुळं. व्यापाऱ्यानं किंमत सांगितली. कुशल म्हणाला, विकायचं नाही. दत्तात्रेयच्या कानावर किंमत आली, आणि त्याच क्षणी घाणीचं रूपांतर वडिलोपार्जित ठेव्यात झालं.

त्यानं भावाला सोडलं नाही. मंगला गौरीपासून दशाश्वमेधापर्यंत जो भेटेल त्याला सांगितलं, कुशल चोर आहे. मराठी घरांतून कुशलला मुंजीची आमंत्रणं येईनात. शिकवण्या सुटल्या. मग कुशल आजारी पडला. तेव्हा कालिंदी हॉस्पिटलातून थेट या छत्रीखाली आली होती.

"भावजी, ते तुमचं नाव घेतायत. एकदा येऊन जा."

"आधी डबा, मग भाऊ," दत्तात्रेय म्हणाला होता. हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढं बरेच दिवस तो ते लोकांना ऐकवत असे.

कालिंदी डबा आणायला खोलीवर धावली. तो घेऊन निघाली, तेव्हा कुशल गेला होता; न्यायचं कारण उरलं नव्हतं.

दत्तात्रेय अग्नी द्यायला गेला नाही, अकराव्याला गेला नाही, तेराव्यालाही नाही. सुतक मात्र घरी बसून चोख पाळलं. धर्माच्या बाबतीत त्याला हयगय खपत नसे.

आणि आज, महिन्याभरानं, ती आपण होऊन डबा घेऊन आली होती.

"तेव्हाच दिला असतास तर?" दत्तात्रेय म्हणाला. "असो. दिवस नीट झाले ना त्याचे? अकराव्याला खाट कोणाला दिलीस?"

"विष्णु महापात्रांना. ते काय, वरच्या पायरीवर बसलेत."

दत्तात्रेयनं तिकडं न बघता आचमन केलं. शिंत्र्यांना काही कळेना, तेव्हा त्यानं समजावून सांगितलं, "महापात्र म्हणजे मेलेल्याची खाट घेणारा, हो. गादी, छत्री, आवडीच्या वस्तू, जे जे अकराव्याला खाटेवर ठेवतात ते सगळं. एकदा का ते दान हातावर पडलं, की त्या हातच्या अक्षता बनारसात कोणी डोक्यावर पडू देत नाही. शुभकार्याच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. पोट भरतो बिचारा. पण आमच्या चौकीपासून लांब."

शिंत्रेबाईंनी मुलीचा पदर आत ओढून घेतला.

"आण इकडं," दत्तात्रेय म्हणाला. त्यानं डबा उघडून पाहिला. डावखुरा जागेवर होता. त्यानं झाकण लावलं. "दान कोणाच्या नावानं?"

"त्यांच्याच."

दत्तात्रेयला मनातून गुदगुल्या झाल्या. ज्यानं डबा दाबून ठेवला, त्याच्याच नावानं तो आपल्या हातात यावा! त्यानं झरझर संकल्प म्हटला. गोत्र, भावाचं नाव, सगळं. कालिंदीनं डब्यावर तुळशीचं पान ठेवून त्याच्या हातावर गंगेचं पाणी सोडलं.

"न मम म्हण."

"न मम."

"झालं! आता ब्रह्मदेव आला तरी हे मागं फिरायचं नाही. शिंत्रे, साक्षीला आहात तुम्ही."

"आहोत की," शिंत्रे म्हणाले.

"नाही ना फिरत, भावजी?" कालिंदीनं विचारलं.

"एकदा सांगितलं ना! मी घेतलं म्हणजे घेतलं."

कालिंदी उठली. ओला हात तिनं पदराला पुसला आणि शिंत्र्यांकडं वळली.

"काका, हा डबा अकराव्याला ह्यांच्या खाटेवर, उशाशी ठेवला होता. बाकीचं सगळं विष्णु महापात्रांनी घेतलं. डबा घेणारा दुसरा आहे, असं सांगून तेवढा मी थांबवून ठेवला. आज ह्यांचं शय्यादान पुरं झालं."

वरच्या पायरीवर विष्णु महापात्रांनी आपली सतरंजी थोडी सरकवली. "आइए गुरु, इधर आ जाइए," ते म्हणाले. "बहुत जगह है."