सुधारित आवृत्ती

"हिला शून्य का दिलंस, दादा?"

बहीण लहान मुलांची डॉक्टर. भावाकडे आली होती आणि चहा होईपर्यंत टेबलावरच्या उत्तरपत्रिका सहज चाळत होती. भाऊ नर्सिंग कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचा.

सरांनी मान वर न करता सांगितलं, की तान्ह्या बाळाला द्यायच्या औषधाची मात्रा विचारली होती. सगळ्या वर्गाने बरोबर लिहिली, या एकाच मुलीने दिवे लावले. लावणारच. तिच्याकडे पुस्तक कुठे होतं?

पुस्तक सरांनी स्वतः लिहिलेलं. दरवर्षी त्याची 'सुधारित आवृत्ती' निघायची, आणि जिच्या हातात ती नसेल तिला ते वर्गात बसू देत नसत. मुली आपसात त्याला 'प्रवेशपत्र' म्हणायच्या. ही मुलगी मात्र ग्रंथालयातल्या दुसऱ्याच कुठल्याशा जुन्या पुस्तकावर भागवायची आणि दाराबाहेर उभी राहून तास ऐकायची. आज तिचं उत्तर भर वर्गात वाचून दाखवून सरांनी तिचं चांगलंच हसं केलं होतं. पुस्तक घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती, असंही वर ऐकवलं होतं.

बहिणीने चष्मा काढला. "दादा, हिचंच बरोबर आहे. बाकीच्यांनी दहापट लिहिलंय. एवढं औषध दिलं तर बाळ हाती लागणार नाही."

सरांनी पुस्तक ओढलं, तक्ता काढला. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. नव्या आवृत्तीत नवीन म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी मजकूर जुना, नुसतं मुखपृष्ठ बदललेलं. छपाईआधी त्यांनी पानंसुद्धा उलटून पाहिली नव्हती. चहा आला आणि निवून गेला. बहिणीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

भर वर्गात हसं केलं, तर माफीही भर वर्गातच मागायची, असं ठरवून सकाळी ते वर्गात शिरले. ती मुलगी आज दाराबाहेर नव्हती. पहिल्या बाकावर बसली होती. सरांनी तोंड उघडायच्या आत ती उठून उभी राहिली. हातात कोरं पुस्तक होतं.

"सर, काल माझं चुकलं. आता पुस्तक घेतलंय. तक्ता पाठ केलाय."

आणि बाळाला द्यायची मात्रा तिने घडाघडा म्हणून दाखवली. अगदी पुस्तकात होती तशी.