कणसरीचा डोंगर

काचेच्या पेटीत कणसरीचा डोंगर ठेवला होता. थर्माकोलचा, वर नकली हिरवळ आणि माथ्यावर निळाशार स्विमिंग पूल. प्रमिलाने तो बघताक्षणी ओळखला. ज्याच्या पायथ्याशी लहानपण गेलं, तो ओळखायला पाटी लागत नाही.

दुबई मरीनाचे टॉवर तेव्हा नुकते वर येत होते. जवळच्याच एका हॉटेलात नाशिकच्या बिल्डरने प्लॉट विकायला मांडले होते. वाळवंटात राहिलं की आपल्या मंडळींना डोंगराचं फार प्रेम येतं. प्रमिलाचा नवरा शैलेंद्र आणि त्याचा मित्र अरुण पेटीवर वाकून प्लॉट निवडत होते.

"सर, हा साधा डोंगर नाही, व्होल्कॅनिक रॉक आहे. करोडो वर्षांचा लाव्हा!" सेल्समन पोपटासारखा बोलत होता. "लोकल लोकांचं टेन्शन नाही. डोंगर रिकामाच होता."

रिकामा! नव्या भाताचा पहिला घास त्या माथ्यावर कणसरीला, धान्याच्या देवीला, दिल्याशिवाय प्रमिलाच्या माहेरी कुणी दाणा तोंडात टाकत नसे. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नसे. तिचं डोकं भणाणलं.

"आणि हे काय?" तिने पूलशेजारच्या उभ्या दगडांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ट्रायबल स्टोन्स, मॅडम. माथ्यावर असेच पडून होते. पुढच्या महिन्यात काढून पूलला लावतोय. गेस्टना फोटोला मस्त."

"चिरे आहेत ते. आमच्या मेलेल्या माणसांचे. आम्ही कोकणा आदिवासी."

अरुण चमकला. "वहिनी, तुम्ही नाशिकच्या ना?"

"प्रमिला, खलास, बस झालं. घरी बोलू," शैलेंद्र दात आवळून पुटपुटला. लग्नापासून त्याने सगळ्यांना 'नाशिकची' एवढंच सांगितलं होतं.

"घरी काय बोलायचंय? त्यातला एक चिरा माझ्या आईचा आहे. हात लावाल तर हात मोडून ठेवीन!"

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. शैलेंद्रने मान खाली घातली.

सेल्समन मात्र जराही गडबडला नाही. त्याने अदबीने पेन उघडलं.

"सॉरी मॅडम, आधी सांगायचं ना. तुम्हाला आईंच्या अगदी शेजारचा प्लॉट देतो."

शैलेंद्रने मान वर केली.

"कॉर्नरचा आहे?" त्याने विचारलं.