कडीतून की बाजूने

१९६९च्या जुलैतल्या त्या रविवारी टीव्हीवर चांद्रयान दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते. इनेसने पाच महिन्यांच्या लेकीला छातीशी धरलं होतं आणि मोकळ्या हाताची बोटं हवेतल्या हवेत सुई ओढत होती.

"हिने विणलेल्या मोज्यातून माझा अंगठा बाहेर येतो," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्या दोघा अंतराळवीरांचा जीव हिच्या विणीवर."

इनेस हसली नाही. यानाच्या संगणकाची स्मृती तिच्या कारखान्यातल्या बायकांनी तांब्याच्या तारेने विणली होती. तार बारीक चुंबकी कडीतून गेली की एक, बाजूने गेली की शून्य. पोटुशी असताना एका दुपारी, ऐन सुई ओवताना आतून लाथ बसली आणि हात हलला. ती तार कडीतून गेली की बाजूने, ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. तपासनीस म्हणाला, सगळं ठीक आहे. मन मात्र त्या तारेपाशीच अडकून राहिलं.

तेवढ्यात टीव्हीवर कुणी म्हणालं, संगणक धोक्याची सूचना देतोय. खोली विरघळल्यासारखी झाली. एक, शून्य, एक, शून्य. हातात ती एकच तार धरून इनेस राखाडी धुळीवरून तरंगत खाली खाली जात राहिली.

"उतरलो," दूरचा आवाज म्हणाला.

सासूबाईंनी मोज्यातून डोकावणारा अंगठा आत घेतला. बाळाने झोपेत पाय झाडला. इनेसने ती इवलीशी टाच ओठांना लावली.

"पोचली गं," ती कुजबुजली, "तुझी लाथ चंद्रावर पोचली."