पाठमोरी माणसं

“तात्या, तुमच्या गाडीतल्या माणसांची तोंडं कुठल्या बाजूला असत्यात?”

हे तात्यांना विचारून दाखवायची मैत्रिणींनी लावलेली पैज होती, आणि पैजेला मागं सरेल ती राजेश्वरी कसली! लासुर्ण्याचे मोहनतात्या उभं आयुष्य इवल्या इवल्या रेल्वे बांधत आले होते. खोलीभर फळ्यांवर दौंड, भिगवण, बारामती अशी स्टेशनं मांडलेली. डब्याडब्यात माणसं बसलेली, सगळी पाठमोरी. राजेश्वरीनं पलीकडं जाऊन वाकून पाहिलं. तिकडूनही पाठीच.

“गाडीत बसंपर्यंत तोंडं असत्यात की,” तात्या गुरगुरले. “पोरगं गेलं, सून गेली, नातवंडं गेली. इतक्या वर्षांत एकानं तरी वळून बघितलं का?”

बारामतीच्या फलाटावर एकच बाहुली हसत उभी होती. लाल रिबिनी, पाठीवर दप्तर, गालावर तीळ. राजेश्वरीचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.

“तू बी सोमवारी पुण्याला निघालीस म्हणं शिकायला,” म्हणत तात्यांनी बाहुली उचलली, डब्यात बसवली आणि बटण दाबलं. गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली तेव्हा डब्यात सगळ्याच पाठी होत्या.

राजेश्वरी धावत घरी आली. आई-पप्पा जेवत होते. ती थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, दोघांकडं टक लावून.

“आई, पप्पा, मी पुण्याला जाणार न्हाय!”

आईचा घास हातातच राहिला.

“अगं, पाठ फिरवून काय सांगतीस? हिकडं तोंड कर की.”