कप उंबऱ्याबाहेर

"आई, जिंकलो गं!" सर्जेदादांनी दारातनंच कप उंचावून हाक मारली. पाठीमागं गुलालात माखलेला मी, त्यांच्या टीमचा गोलकीपर.

मिसरूड फुटल्यापास्नं गुडघा जाईपातूर दादा ह्याच गल्लीच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं खेळले. गुडघा गेला आणि तालमीनं त्यांना बाकड्यावरसुद्धा बसू दिलं न्हाई. आमच्या पेठेनं त्यांना कोच केलं. आज फायनलला त्यांनी त्याच तालमीला हरवलं. गल्लीत एकबी दार उघडं नव्हतं. पण दादा वाटेत म्हणले होते, "काय बी होऊ दे, जिंकून आलो की आई मला ओवाळल्याबिगर राहत न्हाई."

म्हातारी ताट घेऊन आली. तिनं मला ओवाळलं, तोंडात साखर घातली. दादांनी मान वाकवली, तशी ती थांबली.

"तुझी टीम तर हरली की रं आज. तुला कशी ओवाळू?"

माझं टाळकंच फिरलं. "ओ आजी, ज्यांनी हाकललं ती दादांची टीम व्हय?"

"गप रं," दादा म्हणले. कप उंबऱ्याबाहेर ठेवून ते तिच्या पायाशी बसले आणि हरलेल्या पोरागत रडले.