खानदानी बुरशी

केमोनंतर दोन घास माझ्या पोटात जावेत म्हणून आम्ही अंगणात गांजाची तीन झाडं लावली होती. धुक्याने घात केला. सगळ्यात टपोरी कळी मी उकलली, तर आत राखाडी बुरशी. “हे झाड उपटून टाक,” मी मुलाला म्हटलं. लुडगर हसला. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचा द्राक्षबागायतदार तो, कुजकंसुद्धा टाकवत नाही त्याला. “आई, हीच बुरशी आपल्या द्राक्षांवर आली की आपण तिला खानदानी म्हणतो. वाइन मधासारखी होते.” “हो का रे, शहाण्या? मग माझं फुफ्फुसही खानदानीच कुजलंय. तेही बाटलीत भर, वर आपल्या घराण्याचं लेबल चिकटव.” त्याचं हसू विरलं. रडवेला होऊन तो तिन्ही झाडं मुळासकट उपटायला निघाला. “अरे गाढवा, कुजलंय ते एकच! बाकीच्यांना हात लावलास तर याद राख,” मी ओरडले. “मला अजून जेवायचंय.”