सवतीचा पंखा

मासा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता, आणि संध्याकाळी सासरे हॉस्पिटलमधून घरी यायचे होते. ‘तुझ्या भरवशावर सोडून जातोय गं,’ असं सुनेला बजावून गेले होते ते. उन्हाळ्याच्या उकाड्याने टाकीच्या काचेवरच्या थर्मामीटरचा आकडा चढला होता. ती धावत जाऊन फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे घेऊन आली.

"ठेव तो," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "संध्याकाळी मरायचा तो आत्ताच मरेल. एकदम गार पाणी माशांना सोसत नाही."

सून बघतच राहिली. या बाईंनी त्या टाकीकडे कधी धड पाहिलं नव्हतं. सासरे माशाबद्दल बोलायला लागले, की या रिमोट उचलून टीव्ही मोठा करायच्या. त्या म्हाताऱ्या, गलेलठ्ठ गोल्डफिशला त्या ‘माझी सवत’ म्हणायच्या. सासरे त्यावरही खूश असायचे.

"बघतेस काय? झाकण काढ. आतला दिवा बंद कर, तोही तापतो. पडदा ओढ. आणि माझ्या खोलीतला टेबल फॅन आण."

"तुमचा पंखा?"

"नाहीतर काय शेजाऱ्यांचा?"

त्या पंख्याशिवाय सासूबाईंना झोप येत नसे, भर थंडीतसुद्धा. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. सुनेने तो आणला आणि वारा पाण्यावरून जाईल असा तिरका लावला.

"आता फ्रीझरमध्ये मटारच्या मागे एक बाटली आहे, ती आण."

बाटली होती. पाणी भरून, गोठून दगड झालेली.

"ही कुणी ठेवली?"

"भुताने. झाकण घट्ट आहे ना बघ, आणि तशीच तरंगत सोड. आकडा भराभर उतरायला लागला तर काढायची. हळूहळू गार होऊ दे."

"आई, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"लग्न झाल्यापासून हा माणूस कानीकपाळी ओरडतोय. टीव्ही मोठा केला म्हणून माझे कान बंद झाले होते का?"

दुपारभर सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत घामाघूम बसून राहिल्या. आकडा सावकाश उतरला. मासा तळाशी जाऊन खडे उकरू लागला, तेव्हा कुठे सुनेला हायसं वाटलं.

"म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला सासरे मुलाचा हात धरून आत आले आणि थेट टाकीपाशी गेले. मासा काचेला येऊन चिकटला. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

"सूनबाई, छान सांभाळलंस."

सून काही बोलणार तोच सासूबाईंनी डोळे वटारले. तेवढ्यात सासऱ्यांचं लक्ष पंख्याकडे गेलं. तो त्यांनी लगेच ओळखला.

"हा इथे कसा?"

"सवतीला उकडत होतं," सासूबाई म्हणाल्या आणि टीव्ही मोठा केला.

सासऱ्यांनी थर्मामीटर पाहिला. मग भिंतीचा आधार घेत ते पंख्यापाशी गेले आणि त्याचं तोंड त्यांनी सोफ्याकडे वळवलं.

"तिला एवढं पुरे आता," ते हळूच सोफ्यावर टेकत म्हणाले. "उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं, माहितीये—"

सासूबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.